गावचा बँड आणि शेवटची लग्नसराई

ईरा, निहार,

परवा ईराने फोनवर विचारलं, "आजी, म्युझिशियनला मराठीत काय म्हणतात? आणि बँडला? आणि म्युझिकचे टाइप असतात ना, त्यांना?" शाळेत प्रत्येकाने आपापल्या घरच्या भाषेतले संगीताचे शब्द न्यायचे होते. मी पोळ्या लाटत होते. वादक, संगीतकार, वाद्यवृंद, शास्त्रीय संगीत, सुगम संगीत, असं मी भराभर सांगून टाकलं. ईराने ते उतरवून घेतलं, "थँक्यू आजी" म्हणाली आणि फोन बंद झाला. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. शब्द बरोबर होते. पण ज्या घरात मी जन्मले तिथे सकाळ-संध्याकाळ वाजवणं चालायचं आणि यातला एकही शब्द तिथे कधी कोणी उच्चारला नव्हता.

त्यात सध्या लग्नसराई. आमच्या इमारतीमागे लग्नाचा हॉल आहे. वैशाखात तो एक दिवस रिकामा नसतो. उन्हं कलली की डीजेची गाडी येते आणि मांडणीवरची भांडी थरथरायला लागतात. खिडकी लावली तर उकडतं, उघडली तर डोक्यात घण पडतात. मी पुस्तक घेऊन बसते, उठते, पाणी पिते, परत बसते आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचते. मधूनच दोन गाण्यांच्या फटीतून, लांब कुठूनतरी खऱ्या ढोलाचा आवाज येतो. मग हातातलं टाकून खिडकीशी जाते. आत्ता लिहायला बसले ती एवढ्यासाठीच की ते शब्द तुमच्या वर्गाच्या भिंतीवर लागले असतील, आणि त्यांच्यामागे जी माणसं उभी असायला हवी होती ती तुम्हाला माहीतच नाहीत.

माझं माहेर खाडीकाठचं. पुढे मिठागरं, मागे डोंगर, मध्ये आम्ही आगरी. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणारे. वडिलांनी मला पनवेलच्या इंग्रजी शाळेत घातलं आणि पुढे मी जन्मभर तीच भाषा मुलांना शिकवली. माझा थोरला भाऊ काशिनाथ, म्हणजे तुमचा मामाआजोबा, शाळेत कमी आणि मिठागराच्या बांधावर जास्त असायचा. मुंबईच्या कुठल्याशा बँडमध्ये आयुष्य काढलेला एक माणूस म्हातारपणी मिठागरावर मजुरीला आला होता. त्याने दादाला क्लॅरनेट शिकवलं. सरावाला बांधच बरा होता, कारण गावात फुंकलं की आई म्हणायची, "म्हशी दूध चोरतान तुझ्या आवाजानं." पुढे दादानेच गावचा बँड उभा केला.

तर ईरा, शब्द असे होते. आमच्याकडे 'बँड' म्हणजे फक्त पितळ, लाल कोट आणि खांद्यावरची सोनेरी झालर. सनई आणि ढोल असले तर तो 'बाजा'. आणि विजेवरचा बेंजो असला की अख्ख्या ताफ्यालाच 'बेंजो' म्हणायचं, तो वाजवणारा त्यात एकच असला तरी. "बेंजो आयला काय?" असं विचारलं की टेम्पोभर माणसं आली का, असा अर्थ. 'वादक' कोणीच नव्हतं. सूर धरणारा तो 'मास्तर', आणि मास्तर एकच. बाकीचे आपापल्या वाद्याने ओळखले जायचे. ढोलवाला पदा. झांजवाला नाम्या. भोंग्यावरचा जना. भोंगा म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून घ्यायचं ते प्रचंड पितळी वाद्य. जना एकदा त्यात शिरला की बाहेर नुसती टोपी दिसायची. त्याची बायको चारचौघींत सांगायची, "लगीन मीच केलं, पन मानूस त्या भोंग्यानं गिलला."

आणि प्रकार. रॉक, जाझ, शास्त्रीय, सुगम, असं काही दादाच्या बँडला विचारलं असतं तर ते तुमच्या तोंडाकडे बघत राहिले असते. त्यांचा प्रश्न एकच असायचा, कशाला वाजवायचंय? हळदीचं वेगळं, वरातीचं वेगळं, गावदेवीच्या पालखीचं वेगळं, पिकल्या माणसाच्या मयताचं वेगळं. कित्येकदा चाल तीच असायची. पालखीत ती चालायची, हळदीत नाचायची, मयतात पाय ओढायची. तुझ्या बाईंना एवढं सांगितलंस तरी पुरे की माझ्या गावात संगीताचे प्रकार कोणाच्या घरी आज काय घडतंय, त्यावरून पडायचे.

हा फरक ढोलाने व्हायचा. चाल मास्तर ठरवायचा, पण सुरुवात तो करायचा नाही. क्लॅरनेट ओठाशी नेऊन थांबायचा. पहिला ठोका ढोलाचा. तो पडल्याशिवाय पितळ फुंकायचं नाही, ही आमच्या बँडची रीत. मी एकदा दादाला विचारलं, असं का? तो क्लॅरनेटच्या तोंडाची वेताची पत्ती जिभेवर ओली करत होता. म्हणाला, "पाय पयले ऐकतान, कान मंग."

ढोलवाला पदा हा वहिनीचा सख्खा धाकटा भाऊ. म्हणजे दादाचा मेहुणा. दादा तरुणपणी सरावाच्या निमित्ताने त्यांच्या घरी इतका जायचा की शेवटी पदाच्या आईनेच विचारलं, "तुला ढोल पायजे काय पोर पायजे, एकदाचं सांग." मास्तर आणि ढोल असे एका घरचे झाले.

आता ती लग्नसराई, गावातली शेवटची. आमच्या गावाच्या जागेवर विमानतळ होणार, ही बोलणी इतकी वर्षं चालली होती की लोकांनी ती मनावर घेणं सोडून दिलं होतं. मग एका हिवाळ्यात डोंगराला सुरुंग लागायला सुरुवात झाली. दुपारी शिट्टी वाजायची, सगळे घरात शिरायचे, जमीन हलायची आणि थोड्या वेळाने ताटातल्या भाकरीवर बारीक धूळ येऊन बसायची. गाव उठणार हे नक्की झालं, आणि गावाला एक चमत्कारिक घाई सुटली. प्रत्येकाला आपल्या घरचं निदान एक लग्न आपल्या दारात करायचं होतं. मांडवाच्या मेढी त्याच खड्ड्यांत रोवायच्या होत्या, जिथे आजा-पणजाच्या लग्नात रोवल्या होत्या. नव्या वसाहतीत सिमेंटचा रस्ता असणार, खड्डा कुठे खणणार? दोन वर्षांनी व्हायची लग्नं पुढे ओढली गेली. मुली परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन थेट पाटावर बसल्या. वर्षानुवर्षं अडलेली स्थळं एका बैठकीत ठरली. जनाची बायको म्हणाली, "गाव उठलं नसतं त आमचा बाल्या जलमभर तसाच ऱ्हायला असता."

मी तेव्हा पनवेलच्या घरात एकटीच. तुमचे आजोबा जाऊन थोडे दिवस झाले होते, तुमचा बाबा तिकडे तुमच्यापाशी. मला घरात बसवत नसे. सकाळी पोळी-भाजी करायची आणि रिक्षा धरून गावाला जायचं, असा नेमच झाला. तिथे गेले की तिथेही बसवत नसे. दारोदार आंब्याच्या डहाळ्यांचे मांडव आणि मांडवामागच्या भिंतींवर मोजणीवाल्यांनी रंगाने टाकलेले आकडे. दोरीवर लाल कोट वाळत घातलेले. ओट्यावर चिंच आणि राखेने घासलेलं पितळ उन्हात इतकं चमकायचं की बघवायचं नाही. ढोल तापवायला पेंढ्याचा जाळ, त्या धुरात ओल्या हळदीचा आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास. सगळीकडे एकदम लग्नं. एक वरात वळायची तर दुसरी समोर. मी एका मांडवातून दुसऱ्यात जात राहायचे. एखादं घर राहून गेलं तर ते पुन्हा दिसणार नाही, असं वाटायचं, आणि ते खरंच होतं.

आणि याच दिवसांत बँड फुटला.

गाव सोडायला कबूल, अशी सही द्यायची होती. दादाने दिली. त्याचं म्हणणं, आज ना उद्या जायचंच आहे तर मुलीचं लग्न उरकून नीट जाऊ. वरच्या आळीतल्या पितळवाल्यांनी त्याच्या पाठोपाठ सह्या केल्या. ढोल, ताशे, झांजा वाजवणारे खालच्या आळीचे, खाडीला लागून राहणारे. नवी जागा खाडीपासून लांब होती. होड्या कुठे बांधायच्या, जाळी कुठे वाळत घालायची, याचं उत्तर त्यांना कोणी दिलं नव्हतं. पदाने सही केली नाही. दादाच्या ओट्यावर दोघांचं झालेलं बोलणं मी ऐकलं आहे.

पदा म्हणाला, "दाजी, सही करताना आमाला इचारलं व्हतं काय?"

"इचारलं असतं त तू नायच बोलला असतास."

"मंग न इचारताच समजलं ना तुला."

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. दुसऱ्या दिवसापासून सूर एका आळीत आणि ठोका दुसऱ्या आळीत. वरच्या लग्नांत नुसतं पितळ वाजायचं, खालच्या लग्नांत नुसते ढोल. एका संध्याकाळी मी मधल्या रस्त्यावर उभी होते. खालून ठोके येत होते आणि त्यांवर काही चढत नव्हतं. वरून जनाच्या पुतण्याची वरात येत होती. चाल वरातीचीच होती, पण ढोल नसल्यामुळे ती पाय ओढत होती. पार्वतीआक्का म्हणून एक म्हातारी होती, डोळ्यांनी अधू. ती काठी टेकत दारात आली, पदर डोक्यावरून घेतला, वरातीला हात जोडले आणि शेजारणीला म्हणाली, "कोन गेलं गो?"

घोड्यावरच्या नवऱ्याने ते ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही.

दादाची मुलगी रोशनी हिचं लग्न पुढच्याच आठवड्यात होतं. ती पनवेलला एका तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने घ्यायची, आणि बोलायलाही सुईसारखीच. ही गोष्ट कानावर गेल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. दादा ऐकेल अशा बेताने मला म्हणाली, "आत्या, पप्पांना सांग. मला डीजे नको, नुसतं पितळ पण नको. माझ्या हळदीला कोणी येऊन हात जोडले तर मी पाटावरून उठेन. मामा वाजवणार नसेल तर सरळ कोर्टात जाऊन सही करते. सह्यांची सवय लागलीच आहे आपल्या घराला."

वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि मधे ही मुलगी. ती एवढंच म्हणाली, "माझ्या दोन्ही घरांची तोंडं दोन दिशांना झालीत. मी कनच्या दारात उभी ऱ्हाऊ?"

मी पदाकडे गेले. तो ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. म्हटलं, "पदा, भाचीची हळद आहे."

"मी मामा हाय, येनारच. साडी आननार, तिला हाताला धरून पाटावर बसवनार. मामाचं सगलं करनार."

"आणि ढोल?"

"ढोल मामाचा नाय, ताई. ढोल गावचा हाय. गाव कुठं हाय आता?"

त्याची बायको आतून चहा घेऊन आली. "ताई, चाय घ्या. यांचं डोकं पन ढोलच हाय. वरनं ताठ, आतनं रिकामं." पदाने जाळ्यातून मान वर केली नाही. मला तिथेही बसवेना. चहा अर्धा ठेवून उठले.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला होता. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण करते. धवलारीण म्हणजे धवले गाणारी बाई. ती गात जाते आणि त्या गाण्याप्रमाणे एकेक विधी होत जातो. ती गात असताना दुसरं काही वाजवायचं नसतं. तिचं संपलं की बँड. दादाने बँडचा मोठा ढोल पडवीतून आणून त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला होता. मागे कोणी नव्हतं. खालच्या आळीचे ढोलवाले आले होते, पण पाहुण्यांसारखे, पांढरे शर्ट घालून शेवटच्या रांगेत. पदाने रोशनीला आणून पाटावर बसवलं आणि तोही मागे जाऊन बसला.

धवलारणीने गाणं संपवलं. दादाने क्लॅरनेट ओठाशी नेलं. आणि थांबला.

त्या महिन्यात वरच्या आळीच्या बाकी सगळ्या लग्नांत पितळ ढोलावाचून सुरू झालं होतं. त्या दिवशी तो सुरू करेना. जना भोंग्यात गाल फुगवून उभा. मग जनाची बायको म्हणाली, "फुका नायतर जेवायला वाढा." थोडं हसू झालं आणि विरलं. धवलारणीने ओळखलं. ती गात असेपर्यंत गप्प राहण्यात कोणाची शोभा होत नव्हती, म्हणून तिने आणखी एक धवला काढला. तो संपला. दादाने पुन्हा क्लॅरनेट वर केलं, पुन्हा थांबला. तिने आणखी एक गायला. शेवटी ती पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "काशिनाथ, माझे सरले. आता सासूचे काढू काय?" रोशनी खाली बघत होती. गालावरची हळद वाळून तिला भेगा पडायला लागल्या होत्या. ती उठेल असं मला दर क्षणी वाटत होतं. मी उगाच जागा बदलत होते, खांबाला टेकत होते, परत सरळ होत होते.

उठली ती वहिनी. मुलीला लावता लावता हात कोपरापर्यंत हळदीने भरले होते. तशीच गेली, ढोलाची काठी उचलली आणि मारली. ढोलाच्या घरात वाढलेली बाई, पण तिच्या हाताला कधी काठी लागली नव्हती. ठोका वेडावाकडा पडला. तिने दुसऱ्या हाताने चामडं चाचपलं आणि परत मारली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दादा हलला नाही.

शेवटच्या रांगेतून पदाचा आवाज आला, "आक्के, हलदीचा हात नको लावू. चामडं ओलं झालं."

"मंग ये नि पूस."

तो आला. खांद्यावरच्या नव्या टॉवेलने चामडं पुसलं, हळूहळू, गोल, जसं ताप आलेल्या पोराचं कपाळ पुसतात. दोऱ्या ओढल्या. कान जवळ नेऊन बोटाने टिचकी मारली. आवाज बसका होता. आणखी ओढल्या. मग काठी घेऊन एकदा मारली.

तो पहिला ठोका होता की नुसतं चामडं तपासणं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. दादाने मात्र ठरवून टाकलं. त्याने फुंकलं, त्याच्यामागे सगळं पितळ उठलं. आणि सूर असा निघाल्यावर त्याला खाली पडू देणं पदाच्या हाताला जमलं नाही. दुसरा ठोका आला, तिसरा आला. मागच्या रांगेतले पांढरे शर्ट एकेक करून पुढे सरकले. रोशनी तशीच बसून होती, पण तिच्या पायाची बोटं पाटावर हलत होती. वहिनी खांबामागे जाऊन हात धूत होती, आणि हात स्वच्छ झाले तरी धुतच राहिली.

शेवटपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. थांबल्यावर पदा काठी ठेवत म्हणाला, "दाजी, तो ठोका नवता."

"मना ऐकायला आला."

"तुजं वय झालं."

"मंग वाजवलास कशाला?"

"भाचीसाठी वाजवला. सही करनार नाय मी."

"मी कुठं मागितली?"

मी ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, चला, मिटलं. तसं काही झालं नाही. वरात दोघांनी वाजवली, आणि नंतर खालच्या आळीने शेवटपर्यंत सही केली नाही. घरं पाडणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा दादा नव्या वसाहतीत भिंतींना रंग लावत होता आणि पदा आपल्या दारात खुर्ची टाकून बसला होता. पुढे त्यालाही उठावं लागलं. आता तो उलव्याच्या बाजूला राहतो, समोर सतत काही ना काही बांधकाम. दादा दुसऱ्या टोकाला. मेढींचे ते खड्डे कुठे असतील, हे मला गाडीतून जाताना आता ओळखता येत नाही. कुंपणापलीकडे सपाट जमीन आणि दिवे. त्या रस्त्याने गेले की मी खिडकीतून या बाजूला बघते, मग त्या बाजूला, आणि घरी येईपर्यंत मान दुखायला लागते.

वयाने मला काही शहाणपण दिलं असेल तर ते असं शांत बसणारं नाही. सही बरोबर होती की न करणं बरोबर होतं, याचा निकाल मी मनात कितीदा लावला आणि फिरवला. दादाकडे गेले की दादाचं पटतं. पदाकडे गेले की बांधायला खाडी नसलेली त्याची होडी गच्चीवर पालथी पडलेली दिसते, आणि दादाचं पटलेलं सगळं गळून जातं. वहिनीने हा निकाल कधी लावायला घेतलाच नाही. तिने फक्त काठी उचलली.

ईरा, मी सांगितलेले शब्द खोडू नकोस. त्यांच्याखाली हे लिही: मास्तर, ढोलवाला, भोंगेवाला, धवलारीण. हळदीचं, वरातीचं, पालखीचं, मयताचं. अर्थ विचारला तर वरचं सगळं सांगावं लागेल. तेवढा वेळ तुझ्या वर्गात असेल तर सांग.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला होता. पुढचे दात गेल्यामुळे क्लॅरनेट धरताना त्रास होतो म्हणाला. पदाला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, त्याला वरातीत हातगाडीवर बसवतात. दोघांचं सहीवरून आजही पटत नाही, आणि आता पटेल असंही वाटत नाही. गाव उठलं, त्याच्या जागी विमानतळ आहे. पण लग्नसराई आली की दोन्ही वसाहतींतून माणसं निघतात, वाटेत एका टेम्पोत बसतात आणि लाल कोट घालून एकत्र वाजवतात. गावचा बँड अजून आहे.